बुद्धिबळाच्या अव्वल स्पर्धांमध्ये जोखीम पत्करणारे खेळाडू लोकांना इतके का आवडतात?

अशा खेळाडूंचे कौतुक ही केवळ प्रेक्षकांची हौस आहे की त्यांच्या खेळात काही शहाणपणही असते, असे आपण विचारले आहे. आवडण्याचे कारण मला साधे वाटते. आज प्रेक्षकाला बरोबर चाल संगणक आयती सांगतो. ती ठाऊक नसलेला माणूस हाताशी आलेला बरोबरीचा अर्धा गुण सोडून पुढे जातो, हे पाहण्यासाठीच आपण जागे राहतो.

माझ्यापुरता हा विषय दुखरा आहे. चौदाव्या वर्षी, जिल्हा निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, प्रतिस्पर्ध्याच्या राजापुढील प्याद्यावर उंटाचा बळी द्यायचा असे मी ठरवत असतानाच त्याने बरोबरी देऊ केली. मला हा खेळ शिकवणाऱ्या मामांनी सकाळीच बजावले होते की, बरोबरी मिळाली तर निमूटपणे घ्यायची. मी हात मिळवला, राखीव खेळाडू म्हणून संघात आलो आणि राज्य स्पर्धेत एकही डाव न खेळता इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळून परतलो. त्या निवडीचे श्रेय मामा आजही स्वतःकडे घेतात.

2022 मध्ये माद्रिदच्या कँडिडेट्स स्पर्धेत रिचर्ड रापोर्टने सातव्या फेरीत नेपोम्नियाचीविरुद्ध डाव बरोबरीत नेणारी चालींची पुनरावृत्ती टाळली आणि तो हरला, तेव्हा मामांचा त्याच दिवशी फोन आला. त्या स्पर्धेतून जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी एरवी पहिलाच क्रमांक पात्र ठरतो, त्यामुळे अर्धा-अर्धा गुण साठवून तिसरे येण्यात काय अर्थ, असे मी म्हणालो. पुढे तेव्हाचा जगज्जेता कार्लसनने लढतीतून माघार घेतली, दुसऱ्या आलेल्या डिंग लिरेनला पहिल्या आलेल्या नेपोम्नियाचीशी खेळण्याची संधी मिळाली आणि मामांना आणखी एक दाखला सापडला.

मात्र त्याच डिंगने 2023 मध्ये अस्तानातील लढतीसाठी साहाय्यक म्हणून निवडला तो रापोर्ट. चौदा डावांनंतर 7-7 अशी बरोबरी झाली आणि ती फोडण्यासाठीच्या जलद डावांपैकी शेवटच्या, चौथ्या डावात, पुनरावृत्ती करून बरोबरी घेता येत असताना डिंगने आपला हत्ती शहाच्या आड घातला. तो हत्ती तिथे जखडला गेला, हातात वेळ थोडा होता, आणि तरीही नेपोम्नियाचीला हरवून तो जगज्जेता झाला. या वेळी फोन मी केला.

एवढे मात्र मान्य करायला हवे की, डिंगची ती चाल बेदरकार नव्हती, आणि साखळी स्पर्धेत जे शोभते ते बाद पद्धतीच्या स्पर्धेत अंगलट येऊ शकते. आपण स्वतः खेळत असाल, तर घड्याळात वेळ शिल्लक असताना बरोबरी नाकारा आणि घरच्यांना डाव संपल्यावर कळवा.

माझा तो जुना डाव मी अलीकडे संगणकावर तपासला. उंटाचा बळी दिला असता तरी अचूक खेळाने बरोबरीच होत होती. हे मामांना अद्याप सांगितलेले नाही.