वाचकांचे प्रश्न : इंजिन नाही, रबर म्हातारं होतं

माझ्या हॅचबॅकला चौदा वर्षं झाली असं गेल्या अंकात जाता जाता लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगणार नाही, नाहीतर पुढचा ढीग त्यावरच्या भांडणाचा पडेल. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर, मीटरवर १,७४,००० किलोमीटर. आणि ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही, पहिल्या टाकीपासूनची. उत्तरं त्या वहीतून देते आहे.

माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची आहे, पण चालली फक्त ३८,००० किलोमीटर. रोज तीन-चार किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. नव्यासारखीच आहे असं समजत होतो, पण वर्षभरात एकामागून एक कामं निघताहेत. तुमच्या गाडीला काय काय करावं लागलं? आणि माझी आता विकून टाकावी का?

मीटर थांबलं म्हणून रबर थांबत नाही. अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं.

वही चाळली. इंजिनच्या पोटात हात घालावा लागला, असा प्रसंग चौदा वर्षांत एकही नाही. ९६,००० ला व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने ऑइल झिरपायला लागलं. बदललं काय, तर गॅस्केट, म्हणजे रबरच. त्याआधी पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेले होते, पुढे रेडिएटरचा वरचा पाइप फुगला, दारांची रबरं कडक होऊन वारा शिट्टी वाजवायला लागला. क्लच १,१२,००० ला बदलला. तो झिजणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

इंजिन माउंटिंगच्या पानावर मात्र माझा मूर्खपणा नोंदलेला आहे. सिग्नलला एसी लावून उभी राहिले की स्टेअरिंग थरथरायचं, मागचा आरसा इतका हलायचा की त्यात गाड्या दुप्पट दिसायच्या. मी ठरवूनच टाकलं, प्लग गेले. चारही बदलले. थरथर तशीच. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून घेतली. तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, मला ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायला आणि क्लच जरासा सोडायला लावला. इंजिन एका बाजूला असं झुकलं की त्याला पुढे काही बोलावंच लागलं नाही. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यातला एक फाटला होता. प्लग बिचारे चांगले होते, ते मी उगाच काढले.

ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूटही तुम्ही एकदा बघून घ्या. आपल्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला, म्हणून एक ॲक्सल लांब आणि एक आखूड. ही मांडणी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीतून आली, इटलीच्या दान्ते जाकोसा यांची. (जाकोसांबद्दल कधीतरी वेगळं लिहायचं आहे, आता आवरते.) तर या ॲक्सलच्या टोकाला, चाकाच्या आतल्या बाजूला, घडीचं रबरी बूट असतं. ते फाटलं की ग्रीस चाकाच्या आत उडतं आणि धूळ सांध्यात शिरते. तेवढ्यात लक्षात आलं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना टक-टक वाजायला लागलं, तर उशीर झाला, सांधाच बदलायचा. मी डावीकडचं वेळेत पकडलं. उजवीकडचं वाजल्यावर.

आता तुमचे रोजचे तीन-चार किलोमीटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सायलेन्सर नीट तापला तर ती वाफ बाहेर जाते. तीन किलोमीटरांत तो तापतच नाही. पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून सायलेन्सर ठणठणीत दिसतो आणि एक दिवस भोक पडतं. इंजिनमध्येही तेच: गार इंजिनात थोडं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, उडून जायला पुरेशी उष्णता मिळत नाही. बॅटरीचं दुखणं वेगळं नाही. सेल्फ मारताना गेलेला चार्ज घरी पोचेपर्यंत पुरता भरून येत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास गाडी बाहेर काढा. जागेवर उभी करून चालू ठेवण्याने हे काम होत नाही. ऑइल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदला, वर्षातून एकदा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, तेही दोन वर्षांनी बदला, मीटर काहीही सांगो.

आणि टायर! हे आधी लिहायला हवं होतं. टायरच्या अंगावर DOT या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष; २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचे टायर गाडीबरोबर आलेलेच असतील, आणि ३८,००० म्हणजे ते असणारच, तर नक्षी कितीही शिल्लक असू दे, ते आणि स्टेपनी दोन्ही काढा. बाकीची कामं महिनाभर थांबली तरी चालतील.

विकायचं म्हणाल तर त्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. रबर सगळं बदलता येतं. खालचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा गंजून फुगली असेल तर विका. नसेल तर मी ठेवली असती.

माझ्या गाडीचं ॲव्हरेज अचानक सतरावरून चौदावर आलं. मेकॅनिक म्हणतो, इंजिन थकलं. खरं का?

अचानक थकत नाही. आधी हिशेब तपासा. टाकी फुल ते टाकी फुल, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वर ठोकून भरायचं नाही. एका टाकीत लिटरभर इकडेतिकडे होतं, म्हणून पाच टाक्यांची बेरीज करा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, माझ्या गाडीचा खऱ्यापेक्षा शेकडा पाच-सहाने जास्तच असतो.

घट खरी निघाली तर टायरची हवा बघा. मग वीसेक मिनिटं चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे.

माझ्या वहीत हाच प्रकार आहे, १७.८ वरून १५.१. कारण होतं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो उघडाच अडकला, कुलंट सारखं रेडिएटरमधून फिरत राहिलं, इंजिन गार. गाडीचा कॉम्प्युटर इंजिन अजून तापलं नाही असं समजून जादा पेट्रोल देत राहिला. इंजिन गार आहे असं सांगणारा डॅशबोर्डवरचा निळा दिवा पूर्वी तीन-चार मिनिटांत विझायचा, तो पंधरा-पंधरा मिनिटं राहायला लागला होता. मला तो रंग आवडायचा, म्हणून चार महिने बघत बसले. छोटासा भाग, तासाभराचं काम. पुढच्या टाकीला १७.३.

महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातल्याने पिकअप वाढतो का?

टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जो आकडा आहे, तेवढा पुरे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, वेळेआधी पेट घ्यायला केलेला विरोध. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. मी सहा टाक्या घालून बघितल्या. वहीत फरक नाही, पिकअपमध्ये मला दोन दिवस वाटला, तो पैसे दिल्यामुळे.

डिकीचं दार सकाळी वर राहत नाही, दुपारी राहतं. हे काय गौडबंगाल?

दाराला आधार देणाऱ्या दोन दांड्यांत दाबाखाली नायट्रोजन असतो. वर्षानुवर्षं तो सीलमधून (पुन्हा रबर) हळूहळू निसटतो. राहिलेला गार हवेत आकसतो, दाब कमी पडतो, दार खाली. दुपारी हवा तापली की जेमतेम धरून ठेवतं. दोन्ही दांडे एकदम बदला, एकच बदललात तर दार तिरकं ओढलं जातं. माझं दार दोनदा डोक्यात पडलं, तरी मी वर्षभर झाडूच्या दांड्याचा टेकू लावत होते. दांडा अजून डिकीतच आहे, आता छत्र्यांच्या शेजारी.