मोबाइलवरची उपासना खरी धरावी का? गुहागरच्या ताईंना उत्तर

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न वाचून मला माझेच २०२० चे दिवस आठवले. मुंबईहून बदली होऊन तुम्ही गुहागर तालुक्यात आलात, आरोग्य केंद्रात पाळ्या, यजमान मस्कतला, घरी सासूबाई आणि दोन मुलं. जवळपास मेथडिस्ट (आपल्या प्रॉटेस्टंट पंथाची) मंडळी नाही म्हणून मुंबईच्या आपल्या मंडळीच्या ऑनलाइन उपासनेला बसता. सासूबाई म्हणतात, "मोबाइलसमोर बसलं म्हणजे उपासना झाली का?" तुम्ही विचारलंय, ही उपासना खरी धरावी का, प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-प्याला घेण्याच्या विधीचं, काय करावं, आणि मुलं दहा मिनिटांत उठून जातात त्यांना कसं बसवावं.

मी दापोली तालुक्यात राहते, शाळेतून निवृत्त झाले. आमच्या मंडळीची मंडणगडपासून राजापूरपर्यंत पांगलेली घरं, त्यात दोह्याला गेलेलं एक, अशा अकरा घरांची मी २०२० पासून क्लास लीडर, म्हणजे घरांची विचारपूस ठेवणाऱ्या छोट्या गटाची पुढारी, आहे. जे सांगते ते करून आणि चुकून शिकलेलं आहे.

सासूबाईंचं आधी घेते, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांना जे खटकतं तेच मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनाही खटकलं होतं. १७३९ च्या वसंतात त्यांचे सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी त्यांना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला उघड्यावर उपदेश करायला बोलावलं, तेव्हा त्यांचा पाय निघेना. चर्चच्या इमारतीबाहेर कोणाच्या आत्म्याचं तारण झालं तर तेही जवळजवळ पापच, असं मला आजवर वाटत आलं, असं त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. तरी २ एप्रिलला ते शहराबाहेर एका उंचवट्यावर उभे राहिले आणि सुमारे तीन हजार लोकांनी त्यांचं ऐकलं. आपली सगळी परंपरा त्या उंचवट्यावरून सुरू झाली. पण पुढचा भाग लोक विसरतात. वेस्लींनी उघड्यावर उपदेश सुरू केला म्हणून चर्च सोडायला सांगितलं नाही. आपल्या लोकांना ते सांगत राहिले की गावच्या चर्चला जा, तिथे प्रभुभोजन घ्या, आणि हेही करा.

म्हणून तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. कोकणात प्रॉटेस्टंट काम जुनं आहे. स्कॉटिश मिशनरी १८२३ सालीच बाणकोटला आले होते, पुढे रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. १९७० साली नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं तेव्हा आपण मेथडिस्ट त्यात गेलो नाही, म्हणून पाट्या वेगळ्या दिसतात. पण आत गेलात की हातात तेच 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक येतं. चिपळूण किंवा रत्नागिरीला जायला जमेल त्या रविवारी तिथल्या मंडळीत जाऊन बसा. सासूबाईंना माणसांच्या शेजारी बसून गायचंय. ती भूक खरी आहे आणि मोबाइल ती पूर्ण भागवत नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑनलाइन उपासना खरी की खोटी हे पडद्यावरून ठरत नाही, पडद्यामागे कोण कोणाला ओळखतं त्यावरून ठरतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि ज्या प्रकारे कळलं ते अजून मनाला लागून आहे.

२९ मार्च २०२० च्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी मुंबईच्या आपल्या घरातून यूट्यूबवर पहिली उपासना घेतली. चर्चमध्ये दीडशे माणसं जमायची, तिथे पाहणाऱ्यांचा आकडा चारशेच्या वर गेला. आम्ही सगळे हरखलो. ईस्टर आला, १२ एप्रिल, आकडा आणखी वाढला. मे महिन्यात कोणाकडून तरी मला कळलं की खेड तालुक्यातल्या आमच्या एका वृद्ध सभासदाला अर्धांगवायूचा झटका येऊन अठरा दिवस झाले. मी घाईघाईनं फोन केला. त्यांच्या पत्नीनं सांगितलं, एकही रविवार चुकवला नाही, फोन उपासनेला लावून त्यांच्या उशाशी ठेवते. म्हणजे सगळी मंडळी त्या माणसाच्या उशाशी होती आणि कोणालाही पत्ता नव्हता. त्या बाईंनी रागानं नाही, अगदी साधेपणानं विचारलं, "बाय, तुमाला आमी दिसत नव्हतो काय?"

मला उत्तर देता आलं नाही. दीडशे माणसांच्या चर्चमध्ये त्यांचा बाक रिकामा दिसला असता आणि दुपारी कोणीतरी त्यांच्या दारात गेलं असतं. पाहणाऱ्यांच्या आकड्यात रिकामा बाक दिसत नाही.

त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांशी बोलले आणि आम्ही क्लास पुन्हा सुरू केले. आपल्या मंडळ्यांत ही पद्धत नावापुरती उरली आहे, तुम्ही कदाचित पाहिलीही नसेल, म्हणून थोडं सांगते. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभेवर बांधकामाचं कर्ज होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही झेपणार नाही. तेव्हा तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. तसंच ठरलं. पेनी गोळा करायला पुढारी दर आठवड्याला घरोघर जाऊ लागले आणि त्यांना दिसू लागलं की कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाच्या घरात बोलणं बंद आहे, कोण पुन्हा दारूकडे वळलाय. वेस्लींच्या लगेच लक्षात आलं की आपण जे शोधत होतो ते हेच. कर्जाच्या निमित्तानं क्लास मीटिंग जन्माला आली.

आमचा क्लास बुधवारी साडेसातला भरतो. पाच-सहा घरं एका वेळी, म्हणजे दोन गट. कॅमेरा लावायची सक्ती नाही, रेकॉर्डिंग कधीच नाही. साधा फोन असलेल्या दोन घरांना मी दुसऱ्या फोनवरून जोडून घेते. क्लासमधला जुना प्रश्न आहे, "तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय?" तसा विचारला की माणसं गप्प होतात. मी विचारते, "हा आठवडा देवाजवळ कसा गेला आणि घरात कसा गेला?" घरातलं सांगता सांगता देवाजवळचं आपोआप येतं. जवळ एक वही ठेवते, अकरा नावं, प्रत्येकापुढे रकाने. कोण बोललं, कोण नुसतं ऐकत होतं, कोण आलंच नाही. सलग दोन बुधवार रकाना कोरा राहिला तर मी फोन करते, आणि तिसऱ्यांदा कोणीतरी घरी जातं.

क्लास सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. तुम्ही तेव्हा मुंबईत होता, बातम्या पाहिल्या असतील. इकडे माड-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, टॉवर बंद. मंडणगड-दापोलीच्या काही गावांत महिनाभर वीज नव्हती. पुढच्या रविवारी कसली लिंक आणि कसली उपासना. पण वही होती. आमच्यातला एक तरुण मोटारसायकल काढून, वाटेत पडलेली झाडं ओलांडत मंडणगड तालुक्यातल्या एका आजींकडे गेला. पडवीवरची कौलं उडालेली, माजघरात पाणी. आजींनी तांदळाच्या डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं 'उपासना संगीत' बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "आज रविवार ना? मग बस." दोघांनी गीत म्हटलं, त्यानं स्तोत्र वाचलं. संध्याकाळी त्यानं येऊन मला सांगितलं ते मी वहीत आजींच्या नावापुढे लिहिलं. छपरासाठी ताडपत्र्या मुंबईच्या मंडळीनं पाठवल्या, त्याही कोणाकडे किती लागतील ते वहीवरून ठरवून.

त्या दिवसापासून शनिवारी संध्याकाळी उपासनेचा पूर्ण क्रम आम्ही लिहून पाठवतो: गीतांचे क्रमांक, शास्त्रपाठ, प्रार्थनेचे विषय. पावसाळ्यात रेंज गेली तरी घर थांबत नाही, साडेनऊला सुरू करतं आणि क्रमानं पुढे जातं. रेंज आली की मधेच येऊन मिळतं. तुमच्याकडेही जून ते सप्टेंबर हेच होणार, तेव्हा हा क्रम मंडळीकडून मागून घ्या.

गाण्याचं मात्र दुःख आहे आणि त्यावर पूर्ण इलाज नाही. मेथडिस्ट माणूस गाण्यानं ओळखावा. जॉन यांचे भाऊ चार्ल्स वेस्ली यांनी हजारो गीतं लिहिली, आणि जॉन वेस्लींनी १७६१ साली गाण्याचे नियम छापले तेव्हा त्यात सर्वांनी गावं, थकवा असला तरी गावं, आणि ओढून हळू गाऊ नये, असं बजावलं. आपल्याकडे तर नारायण वामन टिळकांची गीतं, तेही मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, पेटी-टाळांवर म्हणायची सवय. ऑनलाइन आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्यानं ताल मोडतो. पेटी पुढे, टाळ मागे, दोह्याचा आवाज त्याच्याही मागे. सगळ्यांनी एकदम गाऊन पाहिलं, कानांना सहन होईना. आता दर रविवारी एकच घर गातं, बाकीचे आपापला माइक बंद ठेवून आपापल्या घरात मोठ्यानं गातात. मोठ्यानं हे मी मुद्दाम सांगते. पुटपुटायचं नाही, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

एका ठिकाणी मात्र आम्ही सगळे माइक उघडतो, प्रभूच्या प्रार्थनेला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सगळे एकदम सुरू करतात आणि दुसऱ्या ओळीपर्यंत आवाज पांगतात, कोणी पुढे, कोणी मागे. तंत्र जाणणाऱ्या एका तरुणानं ते बंद करायला सुचवलं होतं. मी हट्टानं ठेवलं. शेवटी आमेन एकेक करून येतात, राजापूरचं, खेडचं, आणि सगळ्यांत शेवटी दोह्याचं. त्या शेवटच्या आमेनची आम्ही वाट पाहतो.

प्रभुभोजनाचं. यावर जगभरच्या मेथडिस्टांत एकमत नाही. ब्रिटनच्या मेथडिस्ट परिषदेनं २०२१ साली तीन वर्षांच्या मुदतीसाठी ऑनलाइन प्रभुभोजनाला परवानगी दिली, आणि त्याआधी तिथेच बरीच वर्षं त्यावर वाद चालला होता. तुमच्या बाबतीत निर्णय तुमच्या पाळकसाहेबांचा आणि त्यांच्यावरच्या, मंडळीच्याच जिल्हा अधीक्षकांचा. त्यांना विचारल्याशिवाय घरी भाकर-प्याला मांडू नका. लॉकडाऊनमध्ये आमच्या एका घरी भावनेच्या भरात वाटीत कोकम सरबत आणि ताटलीत पाव ठेवून सगळे बसले होते. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण पाळकसाहेबांनी त्यांना प्रेमानं थांबवलं, आणि मला ते बरोबर वाटलं. हे भोजन एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

त्याऐवजी आम्ही प्रेमभोजन करतो. ही चाल वेस्लींनी मोरावियन बंधू या जुन्या प्रॉटेस्टंट पंथाकडून घेतली. साधी भाकर आणि पाणी, सोबत साक्षी, आणि त्याला दीक्षित पाळक लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी प्रत्येक घरात असेल ते, तांदळाची भाकरी नाहीतर घावन, आणि तांब्यात पाणी. घरातल्या घरात तुकडा मोडून एकमेकांना द्यायचा आणि देवानं या महिन्यात काय केलं ते एकेकानं सांगायचं. सासूबाईंना हे आवडेल. आणि दर तीन महिन्यांनी पाळकसाहेब मुंबईहून रेल्वेनं खेडला उतरतात, एका घराच्या अंगणात सगळे जमतो, तिथे खरं प्रभुभोजन. गुहागरहून तुम्हाला तो प्रवास एका दिवसात जमेल.

मुलांसाठी दोनच गोष्टी. त्यांना मोठ्यांच्या संदेशापुढे दीड तास बसवू नका, कोणाचंच मूल बसत नाही. आमची शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, आधी पंचवीस मिनिटं होते, आणि उपासनेत एक शास्त्रपाठ नेहमी मुलांकडे असतो. आपली पाळी आहे म्हटल्यावर मूल शनिवारपासून वाचनाची तयारी करतं. दानार्पणाचं म्हणाल तर मोठ्यांचं यूपीआयनं जातं, पण मुलांसाठी घरात एक डबा ठेवा आणि त्या वेळी त्यांना नाणं टाकू द्या. डबा घेऊन अंगणातल्या प्रभुभोजनाला या.

तुमच्या मंडळीत क्लास नसेल तर पाळकसाहेबांना सुरू करायला सांगा. तोवर बुधवारी आमच्यात बसा, तुमची केंद्रात पाळी असेल तेव्हा मुलांना आणि सासूबाईंना बसवा. मला खासगी निरोपात फोन नंबर पाठवा, वहीत बारावं नाव लिहीन. आणि सासूबाईंना एक विचारून ठेवा, त्यांना कोणतं गीत जुन्या चालीवर पाठ आहे. पुढच्या बुधवारी पहिलं गीत त्यांनी सुरू करायचंय, आमचे माइक बंद असतील.