२१ दिवस आणि पगाराच्या पावत्या

अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधली प्युपिलेज (बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी) संपली की इमिग्रेशन आणि हाउसिंग ही दोन्ही कामं तुझ्याकडे येणार. अशील बऱ्याचदा तेच, कागदही तेच. न्यायाधीशासमोरचा प्रश्न मात्र वेगळा, आणि नवखे आपटतात ते तिथेच.

इमिग्रेशनच्या ट्रायब्युनलमध्ये न्यायाधीश साक्षीदाराला स्वतः ऐकतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही तेही स्वतःच ठरवतो. बेघरांच्या मदतीचं काउंटी कोर्टातलं अपील (हाउसिंग ॲक्ट १९९६, कलम २०४) फक्त कायद्याच्या मुद्द्यावर चालतं. जो पुरावा काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) रिव्ह्यू अधिकाऱ्यापुढे, म्हणजे पहिल्या निर्णयाचा फेरविचार करणाऱ्यापुढे, गेलाच नाही, तो तिथे नेऊन सहसा उपयोग होत नाही. म्हणून केस बांधायची ती रिव्ह्यूतच. त्या टप्प्यावर सॉलिसिटरनं (अशिलाचं काम थेट बघणाऱ्या वकिलानं) सल्ला मागितला, तर ‘अपिलात बघू’ असं कधी लिहू नकोस.

इंग्लंडमधलं स्विंडन शहर घे. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची बरीच कुटुंबं तिथे आहेत. समज, अशा एका कुटुंबाकडे प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपियन नागरिकांसाठीचा मुदतीचा राहण्याचा परवाना) आहे, भाड्याचं घर गेलं आणि काउन्सिलनं ‘तुम्ही पात्र नाही’ असं कळवलं. कुटुंब म्हणणार, स्टेटस आहे की! देशात राहण्यापुरतं ते खरं. बेघरांच्या मदतीला नुसतं प्री-सेटल्ड पुरत नाही. जोडीला युरोपियन कायद्यातला निवासाचा हक्क दाखवावा लागतो. फक्त नोकरी शोधतोय एवढ्यावरचा हक्क तर चालतच नाही. सेटल्डवाल्यामागे, म्हणजे कायमचा परवाना असलेल्यामागे, ही कटकट नाही.

मग आधी काम बघ. ते खरंखुरं असायला हवं, पण वेअरहाउसमधली नोकरी केवळ अर्धवेळ आहे म्हणून बाद होत नाही. पगाराच्या पावत्या, पी६० (मालकानं दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला), बँक स्टेटमेंट, करार, सगळं मागव. एजन्सीचं काम असेल तर मधल्या रिकाम्या आठवड्यांचा हिशेब आपणच लावून दे, काउन्सिल नेमकं त्यावर बोट ठेवतं. काम सुटलं असेल तर काढलं, आजारपण आलं की स्वतःहून सोडलं, हे कागदावर हवं. कामगाराचा दर्जा टिकतो की जातो ते त्यावर ठरतं.

तिथे काही हाती लागलं नाही तर मुलांची शाळा बघ. आई किंवा वडील युरोपियन नागरिक म्हणून इथे नोकरी करत असताना मूल इथे राहत होतं आणि आता शिकतंय, तर त्याला सांभाळणाऱ्या पालकालाही निवासाचा हक्क मिळू शकतो. लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टानं २०१० साली हे ठरवलं, तेही लंडनच्या दोन काउन्सिलांकडे घरासाठी गेलेल्या आयांच्या प्रकरणांत. तरी हा मुद्दा हमखास गळतो, कारण शाळेचं पत्र मागायचं कुणाला सुचत नाही.

आता तारखा. पहिला निर्णय कळल्यापासून रिव्ह्यू मागायला २१ दिवस; रिव्ह्यूचा निर्णय कळल्यापासून अपिलाला पुन्हा २१. देशात असलेल्या माणसाला इमिग्रेशनचं अपील मात्र १४ दिवसांत करावं लागतं, आणि ते मोजायचे निर्णय पाठवल्या दिवसापासून. ही दोन गणितं डोक्यात मिसळली की घात. ईमेल, पाकीट, पोर्टलवरची नोंद, काहीही फेकू देऊ नकोस.

रिव्ह्यूच्या फायलीत एक पत्र शोध. मूळ निर्णयात त्रुटी आहे असं वाटूनही अधिकारी निकाल विरुद्धच देणार असेल, तर आधी तसं कळवून उत्तर मागणं त्याला बंधनकारक आहे. ते पत्रच नसेल तर अपिलाचा चांगला मुद्दा मिळाला. मुद्दे दोन-तीनच ठेव. काउन्सिलचं पत्र ओळीओळीनं सोलत बसलास की न्यायाधीश कंटाळतो. अशी पत्रं उदारपणे वाचावीत, हे वरच्या कोर्टानं २००९ मध्येच सांगून ठेवलंय.

आणि अशिलाच्या भेटीला दुभाषा कोकणीचा माग. ‘हिंदी चालेल’ असं ते भिडेखातर म्हणतात, आणि ‘काम सुटलं’ याचं ‘काम सोडलं’ होऊन बसतं.