अमेरिकेतले डॉक्टर मेडिकेअरसाठी खासदारांच्या मागे का लागतात?

विचारलंय की एवढं कमवूनही तिथले डॉक्टर सरकारी विम्याचे पैसे कापू नका म्हणून खासदारांकडे चकरा का मारतात. भाऊ, मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या वरच्यांचा सरकारी विमा, अन् डॉक्टरला किती द्यायचे ते सरकारच ठरवतं. १९९७ ला त्यांनी एक फॉर्म्युला आणला, खर्च ठरल्यापेक्षा वाढला की रेट आपोआप खाली. २००२ ला खरंच ४.८ टक्के कापले, मग अमेरिकन मेडिकल असोसिएशनवाले असे मागे लागले की संसद ऐनवेळी कपात पुढे ढकलायची, ठिगळावर ठिगळ, शेवटी २०१५ ला फॉर्म्युलाच रद्द झाला. तरी २०२५ ला परत २.८३ टक्के गेलेच, अन् नर्सचा पगार, जागेचं भाडं थोडंच कमी होतं?

आपल्याकडची मोफत उपचारांची सरकारी महात्मा फुले योजना बघा ना, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्याच टप्प्यात धुळ्याला आली होती. तिच्यातही प्रत्येक ऑपरेशनचं पॅकेज, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारे पैसे, ठरलेलं. मामांना अमळनेरहून जळगावला एका हॉस्पिटलात नेलं, रेशनकार्ड काउंटरवर ठेवलं तर तो माणूस कार्डाकडे न बघताच म्हणे योजनेचे बेड फुल आहेत, कॅश म्हटल्यावर दहा मिनिटात बेड निघाला! डोकं फिरलं होतं माझं. पण तिकडचे डॉक्टर हेच तर सांगतात, रेट कापले तर मेडिकेअरवाले पेशंट घेणं परवडणार नाही. त्यात स्वतःचा फायदा आहेच, मी नाही म्हणत नाही.

मामांचं काम दुसरीकडे झालं, तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या पेशंटला मदत करणारा माणूस, चांगला भेटला.