गॅरेज कट्टा : गिअरबॉक्स व्हिनेगरमधे बुडवला, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या मिशिगनमधे असतो. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याच्या बार्नमधनं १९७८ ची जुनी पिकअप घेतली, हौस म्हणून. इंजिन दोन दिवसात चालू झालं पण गाडी जागची हलेना. गिअरबॉक्स टर्बो ३५०, तीन स्पीडचा ऑटोमॅटिक. डिपस्टिकची नळी खालून गंजून तुटलेली होती आणि वरचं छप्पर गळकं, म्हणजे कित्येक वर्षं पावसाचं आणि बर्फाचं पाणी थेट आत जात असणार. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा ट्रे, काढला तर आधी पाणी आलं, मग कॉफीसारखा गाळ. आता सगळं खोलून ठेवलंय. ड्रम (क्लच प्लेटा ज्यात बसतात ते डबे), स्टील प्लेटा, शाफ्ट, पंप, सगळ्यांवर गंज आहे, कुठे नुसता रंग तर कुठे पापुद्रे. व्हिडिओ बघून सगळे पार्ट एका टबात पांढऱ्या व्हिनेगरमधे टाकलेत, आज दुसरा दिवस, बायको म्हणते बेसमेंटमधे यायची सोय राहिली नाही. किती दिवस ठेवू? काय वाचेल? आणि लायनिंगवाल्या क्लच प्लेटा दिसायला चांगल्या आहेत, त्या परत टाकल्या तर चालेल ना?

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच रात्री तुला उलट मेल टाकलाय की आधी टबातनं सगळं बाहेर काढ, कारण अंक तुझ्या हातात पडेपर्यंत त्या पार्टांचं लोणचं झालं असतं. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण या व्हिनेगरचे प्रश्न दर दोन महिन्यांनी येतात.

व्हिनेगर वाईट नाही. साधा लोखंडी ब्रॅकेट, पॅन, बोल्ट असले पार्ट एक रात्र बुडवा, सकाळी घासा, झकास निघतात. पण ते आम्ल आहे, गंज संपला की ते थांबत नाही, खालचं चांगलं लोखंड खायला लागतं. त्यात तू स्प्रिंगा, सर्क्लिपा (पार्ट जागेवर अडकवणाऱ्या रिंगा) आणि बेअरिंगं पण टाकलीस. हे कडक केलेलं स्टील असतं, आम्लात ठेवलं की हायड्रोजन त्यात शिरतो आणि स्टील ठिसूळ होतं. वरून चकचकीत दिसेल आणि दोन महिन्यांनी गाडी चालवताना आत पटकन तुटेल, मग तो तुकडा गिअरच्या दातात. त्यामुळे टबात गेलेल्या स्प्रिंगा, सर्क्लिपा, बेअरिंगं सरळ टाकून दे, हळहळत बसू नको. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट, म्हणजे पिस्टन वगैरे, ते तर टबात जायलाच नको होते. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज लागत नाही, त्याला पांढरी भुकटी धरते, आणि लोखंडासोबत आम्लात ठेवलं की तेच आधी खाल्लं जातं. काही जण धुण्याच्या सोड्यात करंट सोडून गंज काढतात, तिथेही तेच, अ‍ॅल्युमिनियम आत घालायचं नाही, आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा तुकडा तर अजिबात लावायचा नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

आता मुद्द्याचं. लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात काका गंज किती आहे बघा. अरे किती आहे ते नंतर, आधी कुठे आहे ते बघा. ड्रमच्या बाहेरच्या अंगाला जिथे काही टेकत नाही तिथे तांबडं झालंय, तर घासा, तेल लावा, विसरा. पण त्याच ड्रमच्या आत जिथे पिस्टनचं रबरी सील पुढेमागे सरकतं तिथे मोहरीएवढा खड्डा असेल तर तो ड्रम गेला, कारण त्या खड्ड्यातनं प्रेशर निसटणार, क्लच अर्धवट दाबला जाणार आणि नवीन प्लेटा जळणार. टर्बो ३५० मधे डायरेक्ट ड्रमच्या बाहेरच्या अंगाला बँड, म्हणजे ड्रमला आवळणारा पट्टा, बसतो, म्हणजे तिथे बाहेरची बाजूही कामाची.

तपासायची पद्धत जुनीच. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लावून बारीक वॉटर पेपरने, ६०० किंवा त्याहून बारीक, फिरत्या दिशेने हलकं पुसायचं, म्हणजे शाफ्ट जसा फिरतो तसं गोल, उभं घासायचं नाही, उभ्या रेघा पडल्या की सीलखालनं तेल त्याच वाटेने बाहेर येतं. पुसून झालं की नख फिरवायचं. नुसता डाग दिसतो पण नख अडकत नाही, चालेल. नख अडकलं, तो पार्ट बाजूला. हे ऑइल सील बसतं ती जागा, सीलिंग रिंगांच्या खाचा आणि बुश फिरतो ती जागा, तिन्हींना लागू. शाफ्टच्या दातांवर थोडा रंग असेल तर मी अडून बसणार नाही.

बेअरिंगांना मात्र नखाची पण गरज नाही. सपाट सुयांची जी थ्रस्ट बेअरिंगं आहेत त्यांच्यावर गंजाचा ठिपका दिसला की नवीन. प्लॅनेटरीचे, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या संचाचे, छोटे गिअर फिरतात त्यांच्या आत पण सुया असतात आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत, बोटाने फिरवून खरखर लागली तर अख्खा कॅरिअर, म्हणजे ते गिअर धरणारी चौकट, बदल. रोलर क्लचचे, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचचे, रोलर तसेच. पंप या बॉक्समधे बिडाचा असतो आणि बीड पटकन गंजतं. पंपाच्या गिअरच्या चपट्या बाजूवर किंवा त्याच्या खोबणीत खड्डे असतील तर दुसरा पंप शोध, तिथे फट इतकी बारीक ठेवलेली असते की घासून सपाट करायला गेलास तर प्रेशरच बनणार नाही. या जातीचे बॉक्स १९६९ पासून १९८० च्या दशकापर्यंत ढिगाने निघाले, तुमच्याकडे भंगारवाल्यांकडे पंप आणि ड्रम अजून मिळतात, त्यामुळे रडतखडत वाचवण्यात अर्थ नाही.

स्टील प्लेटा, म्हणजे बिनलायनिंगच्या, त्या स्वस्त असतात, गंजलेल्या फेक. खड्डे पडलेली प्लेट नवीन लायनिंगला कानशीसारखी खाते.

आणि लायनिंगवाल्या प्लेटा. दिसायला चांगल्या आहेत म्हणतोस, तिथेच सगळे फसतात आणि मी पण फसलोय. मस्कतला गॅरेजमधे होतो तेव्हा वादीच्या, म्हणजे पावसात वाहणाऱ्या कोरड्या नदीच्या, पाण्यात बुडालेली एक पिकअप आली होती, मालक ओळखीचा, म्हणाला प्लेटा मस्त आहेत, फक्त धुऊन बसव, पैसे नाहीत. मी ऐकलं. तीन आठवड्यात गाडी दोरीला बांधून परत आली, पॅन उघडला तर लायनिंगच्या चिंध्या. त्याचं कारण असं की ते लायनिंग कागदासारख्या मटेरियलचं असतं आणि ते प्लेटेला गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, पाणी धरून ठेवतं आणि गोंद सुटायला लागतो, वाळवून उपयोग नसतो. रेडिएटरचं कूलंट आत गेलं असेल तर आणखी लवकर. पाणी शिरलेल्या बॉक्समधे लायनिंग प्लेटा नवीनच, यावर मी आता कुणाशी वाद घालत नाही. नवीन प्लेटा बसवायच्या आधी किमान अर्धा तास एटीएफमधे भिजव.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातनं बॉक्सला देणारा भाग, घरी उघडत नाही, तो वेल्ड केलेला डबा आहे. आत गंज असणारच, कितीही धुतलास तरी पंख्यांच्या मागे गाळ राहतो आणि पहिल्याच दिवशी नव्या पंपात येतो. तो बदलून रिबिल्ट घे. रेडिएटरमधला कूलर आणि त्याच्या पाइपा फ्लश कर, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे परत पाण्यातच. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉइट शहराच्या खाली हजारपेक्षा जास्त फुटांवर मिठाची खाणच आहे, तेव्हा मिठाला तोटा नाही. त्यात मिठाबरोबर कॅल्शियम क्लोराइडचं पाणी पण फवारतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि चेसिसला चिकटून ओलंच राहतं, म्हणून चेसिसच्या कडेने जाणाऱ्या त्या स्टीलच्या कूलर पाइपा आधी जातात. मला विचारशील तर तांबं-निकेल मिश्रधातूची पाइप टाक, हाताने वाकते आणि गंजत नाही. कुठे रबरी होज जोडलास तर ट्रान्समिशन ऑइलचाच घे, पाइपेच्या टोकाला फुगवटा असू दे आणि क्लिपा दोन-दोन. डिपस्टिकची नळी आणि तिचं खालचं सील नवीन टाकायला विसरू नको, सगळं रामायण तिथूनच सुरू झालंय.

जोडताना एकेक पार्ट धुतला की हवेने वाळवून लगेच एटीएफ लाव, धुतलेलं लोखंड एका रात्रीत परत पिवळं पडतं. धाग्याधाग्याची चिंधी किंवा कॉटन वेस्ट व्हॉल्व्ह बॉडीजवळ, म्हणजे तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या भागाजवळ, पण आणू नको, एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. पॉवर टूलला लावायची ती घासायची चकती पण नको, तिची रेती झडते आणि बेअरिंगात जाते. वॉशर जागेवर धरायला ग्रीस नाही, साधं व्हॅसलिन, ते तेलात विरघळून जातं. आणि वहिनींना सांग वास आठवड्यात जातो.

प्रश्न : काका, मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी ऑटोमॅटिक पिकअप दीड दिवस पाण्यात होती. पंधरा दिवसांनी मेकॅनिक मिळाला, त्याने गिअर ऑइल दोनदा बदललं आणि गाडी चालली, चांगली चालली. आता मात्र सकाळी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काही होत नाही आणि मग धाडकन झटका. गॅरेजवाला म्हणतो पॅनमधल्या मॅग्नेटवर गंज आहे, अख्खा बॉक्स बदला. एवढा खर्च करू का?

उत्तर : तुमचं गाव त्या दिवशी आम्ही टीव्हीवर बघत होतो, वाशिष्ठीने बाजारपेठ अक्षरशः गिळली होती. तुमच्या बॉक्सचं वाटोळं पुरापेक्षा त्या पंधरा दिवसांनी जास्त केलं असं मला वाटतं, पण तेव्हा मेकॅनिक आणणार कुठून, प्रत्येकाच्या दारात बुडालेली गाडी होती.

दोनदा ऑइल बदललं म्हणजे सगळं बदललं असं नसतं. पॅन खाली केला की साधारण अर्धंच तेल निघतं, कधी त्याहून कमी, बाकीचं कन्व्हर्टरमधे आणि कूलरमधे राहतं. म्हणजे पुराचं थोडं पाणी आणि गाळ आत राहिलाच.

मॅग्नेट स्वतः बघा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. काळपट राखाडी मऊ लेप असेल तर तो प्रत्येक गाडीत असतो, घाबरायचं नाही. तांबूस भुकटी किंवा पापुद्रे असतील तर तो गंज. चमकणाऱ्या कचा असतील तर बेअरिंग किंवा गिअर गेलाय आणि मग गॅरेजवाला बरोबर आहे. पॅनमधे काळा कागदासारखा चुरा असेल तर लायनिंग सुटतंय, त्यालाही बॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

पण नुसती तांबूस भुकटी असेल तर बॉक्स बदलायच्या आधी स्कॅनर लावून कोड काढा आणि बॉक्सला जाणाऱ्या वायरिंगचा सॉकेट उघडून पिना हिरव्या झाल्यात का ते बघा. नवीन गाड्यांमधे व्हॉल्व्ह बॉडीवर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, असतात, बारीक गाळाने ते अडकतात आणि बरोब्बर असाच उशीर आणि झटका येतो. कधी कधी व्हॉल्व्ह बॉडीवर भागतं. आणि सेकंडहँड बॉक्स घेणार असाल तर तो कुठल्या गावच्या गाडीचा ते आधी विचारा, त्याचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, आणि सॉकेट बघा, तिथे वाळलेला चिखल दिसला तर तो तुमच्यासारखाच पूर बघून आलेला बॉक्स आहे.

बाकी वाचकांसाठी एकच, ब्रीदर म्हणजे बॉक्सचं नाक. गरम बॉक्स घेऊन पाण्यात शिरलात की आतली हवा एकदम गार होते आणि त्या नाकातनं पाणी ओढलं जातं, बॉक्स पूर्ण बुडायलाच पाहिजे असं नाही. आणि बुडालेली गाडी स्टार्ट करायची नाही, न्यूट्रलमधे टाकून ओढायची पण नाही, उचलून न्यायची.

प्रश्न : मालवणला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची शेड आहे. पिकअपचा एक चांगला ऑटोमॅटिक बॉक्स स्पेअर म्हणून ठेवायचाय, खारी हवा आहे, कसा ठेवू?

उत्तर : शक्य असेल तर तिथे ठेवूच नका, आत गावात कुणाकडे तरी ठेवा. नाहीच जमलं तर कूलरची भोकं, डिपस्टिकचं भोक, ब्रीदर, मागचं टोक, सगळं बुचं लावून बंद करा, उंदीर पण राहतात त्यात. आत थोडं नवीन एटीएफ ओता आणि महिन्यातनं एकदा इनपुट शाफ्ट हाताने चार-पाच वेळा फिरवा. उघड्या शाफ्टला ग्रीसचा जाड थर. कन्व्हर्टर वेगळा ठेवलात तर त्याचं तोंड वर करून, बूच लावून. जाड प्लास्टिकमधे गुंडाळा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी त्या बदला. आणि सिमेंटच्या लादीवर टेकवू नका, खाली लाकडाच्या पट्ट्या घाला.