वाचकांचे प्रश्न : तापणारी जुनी पिकअप घ्यावी का?

प्रश्न : 12 वर्षांची डिझेल पिकअप स्वस्तात मिळते आहे. कापूस जिनिंगला न्यायचा, येताना खत-बियाणे आणायचे, एवढेच काम. मालक म्हणतो, ‘उन्हाळ्यात थोडी तापते, बाकी गाडी एक नंबर.’ घ्यावी का?
— एक शेतकरी, राळेगाव तालुका

उत्तर : गाडी कशाने तापते हे कळल्याशिवाय इसार देऊ नका. दोष इंजिनाबाहेर असेल तर खर्च परवडतो. आत असेल तर स्वस्त गाडी महागात पडते.

इंजिन थंड असतानाच पाहायला जा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते. आत तांबूस गंज किंवा पांढरा थर दिसला, तर कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बोअरचे क्षारयुक्त पाणीच भरत आले आहेत. आता झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे सतत येत राहिले, किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचे सील) गेले आहे नाहीतर हेडला तडा आहे. सौदा तिथेच सोडा.

तसे नसेल तर रेडिएटरची जाळी पाहा. आपल्याकडे ती कापसाच्या तंतूंनी आणि सोयाबीनच्या भुशाने बुजते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, हलक्या दाबाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात. पंख्याचा पट्टा सैल किंवा चिरलेला असेल तर बदला. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) आहे का, हेही मिस्त्रीला विचारा. तापणाऱ्या गाडीतून तो काढून टाकण्याची वाईट सवय आहे. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि हिवाळ्यात इंजिन नीट गरम न झाल्याने डिझेल जास्त जळते. रेडिएटर आतून धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. कूलंटने पाणी उशिरा उकळते, गंजही रोखला जातो.

चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मात्र खाली शिरूनच तपासा. खत वाहिलेल्या गाडीत हौद्याखाली आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे त्या चेसिसला जोडतात तिथे, गंज लवकर धरतो. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. तिथे वेल्डिंगचे ठिगळ असेल तर गाडी नको.

प्रश्न : कागद कोणते बघायचे?

उत्तर : चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. 8 वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागते, त्याची तारीख पाहा. विमा आणि पीयूसी चालू हवेत. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही घ्या. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर फायनान्सवाल्याचे ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35 हातात आल्यावरच उरलेले पैसे मोजा.