बांध एक, डोकी दोन तऱ्हांची

प्रश्न : गोव्यात तिसवाडीतल्या आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाला भगदाड पडलंय. जुनी मंडळी म्हणतात, चिखल, पेंढा, चिरे घालून पूर्वीसारखाच बांधा. तरुण म्हणतात, सगळी रचनाच बदला. तीन बैठका भांडणात गेल्या. कुणाचं ऐकू?
— शेतकरी समितीचा सचिव

उत्तर : दोघांचंही ऐका. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ साली हा भेद मांडला : काहीजण आहे त्या चौकटीत सुधारणा शोधतात, काहीजण चौकटच हलवतात. हा नुसता कल आहे, हुशारीशी त्याचा संबंध नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपण एकाला हट्टी नि दुसऱ्याला उतावळा ठरवून मोकळे होतो.

जत्रेच्या नाटकाची वेळ लवकर करण्यावरून आमच्या फोंड्याच्या मंडळात असंच फाटलं होतं. नेपथ्य सांभाळणारे काका सगळ्यात जास्त विरोधात. शेवटी त्यांना कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "वेळ बदला, पण पालखी आत जाईपर्यंत पडदा उघडू नका." एवढंच होतं!

तुम्ही पुढची बैठक बांधावरच घ्या, ओहोटीच्या वेळी. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या-अडवायच्या मोरीची, दारं पाण्याच्या दाबानेच उघडतात-मिटतात, ती सगळ्यांनी मिळून पाहा. भगदाड तिथेच का पडलं, हे आधी जुन्यांना सांगू दे. कुणी मध्ये बोलायचं नाही. मग तरुणांचा आराखडा. आणि वाद मिटो न मिटो, पावसाआधी भगदाड बुजवून घ्या. खारं पाणी शेतात शिरलं तर भात जाईल.